जनार्दनच्या अहवालात मी लिहिलेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्याकडे मानसशास्त्र शिकले त्या सरांना तर नाहीच. तुम्हालाही शेवटपर्यंत सांगवेल का, ठाऊक नाही — पण सुरुवात करते.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी पेणहून एसटीने रोह्याला जायची, तिथून रिक्षाने धाटावला. तिथल्या केमिकल कंपन्यांमध्ये कामगारांच्या मानसिक चाचण्या घ्यायचं माझं काम. लक्ष किती टिकतं, घाईत चूक होते का, धोक्याची घंटा वाजली की माणूस काय करतो — हे कागदावर तपासायचं. मी दिसले की शिफ्टची माणसं बिड्या विझवून उभी राहायची. आवडायचं मला ते. का नाही आवडणार?

एका कंपनीला कंट्रोल रूमसाठी ऑपरेटर निवडायचे होते. त्यात जनार्दन होता. धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातून कंपनीत लागलेला पहिलाच. कॅन्टीनच्या टेबलावर बसून त्याने सावकाश पेपर सोडवला आणि उठताना म्हणाला, "म्याडम, डोकं लागतं, पण मजा हाय." सगळ्यांत चांगला पेपर त्याचाच होता. मी दोनदा तपासला.

पण त्याच सुमारास त्याने गॅस गळतो म्हणून लेखी तक्रार केली होती, इतरांच्या सह्या घेऊन. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. "हा माणूस कंट्रोल रूममध्ये नको. तुमच्या चाचणीत काहीतरी निघेलच की?" आवाज चढवला नाही. धमकी नाही, काही नाही. मी म्हणाले — बघते.

आणि काय बघितलं मी? घरी येऊन स्वच्छ अक्षरात लिहिलं — ताण आला की या माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. अशा वेळी तो जवळच्या माणसाला इजा करू शकतो. यातला एक शब्दही खरा नव्हता. मला वाटलं, त्याला पॅकिंगमध्ये टाकतील. चिडेल, मला शिव्या देईल, विसरून जाईल.

तीनेक वर्षांनी पेणच्या बाजारात मागून हाक आली. जनार्दन. बरोबर बायको, तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. मला वाटलं, आता जाब विचारणार! त्याने हात जोडले.

"म्याडम, तुमचे उपकार हायत. साहेबांनी तुमचा कागद वाचून दाखवला, तवा समजलं माझ्यात काय हाय ते. नायतर पोरीला माझ्या हातून कायतरी झालं असतं."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग त्याची बायको हळूच म्हणाली, "पोरीला अजून उचलली नाय त्यांनी. घरात पोर आन ते दोघंच असले तर कोयता शेजारी देऊन येतात."

मुलीने बापाकडे झेप घेतली. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले — सवयीने, सहज — आणि तिच्याकडे बघून हसला.

माझ्या एका खोट्यावर हा माणूस तीन वर्षं जगत होता? स्वतःच्याच हातांना भिऊन? 'ते खोटं होतं' — एवढेच तीन शब्द. भर दिवसा, तो समोर उभा. कुणी तोंड धरलं होतं माझं?

मी म्हणाले, "बरं केलंत. काळजी घेत जा."

हो. "बरं केलंत" म्हणाले मी.

ती मुलगी एव्हाना मोठी झाली असेल. त्यांचं गाव माझ्या घरापासून एसटीने अर्ध्या तासावर आहे. मी एकदाही गेले नाही.