पिन मी देणार नाही

शालननं मला शेवटची वस्तू दिली ती मिरजेच्या दवाखान्यात, उशीखालून काढून, टॉवेलात गुंडाळून. मला वाटलं सोनंनाणं असेल. म्हटलं, "शालन, असलं काय मला देऊ नगंस, तुझा पोरगा संदीप हाय की." ती हसली. गाल पार आत गेले होते, तरी हसू तेच. "आगं उघडून तर बघ." टॉवेलात लोखंडी पिन निघाली. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड, ग्रीस लागलेली... ट्रॅक्टरला मागची ट्रॉली जोडायची असते ती. नर्सची नजर चुकवून बाईनं तीन दिवस ती उशीखाली ठेवली होती. "तुझ्याजवळ असू दे. पिन जिच्याजवळ, गाडी तिची. आन् जतचा डबा द्यायचा राहिलाय दिलू, तेवढं ध्यानात ठेव." आठव्या दिवशी ती गेली. त्याला दोन महिने होत आले. पिन माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे आणि ती मी कुणालाही देणार नाही. हे आधीच सांगून टाकते, मागनं तक्रार नको.

मी दिलशाद. तासगावात माझं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. बेदाण्याच्या शेडच्या जाळ्या, ट्रकची ताडपत्री, मांडवाचं कापड, जे जाडजूड असेल ते माझ्याकडं येतं. वीस वर्षांपूर्वी शालन आली ती एक फाटका तंबू मोटरसायकलला बांधून. मोटरसायकल तीच चालवत होती. तिचा नवरा मिलिटरीतून रिटायर होऊन आला, येताना तो तंबू घेऊन आला, आता दोघं फिरू म्हणाला आणि दोन वर्षांत गेला. मी तंबू पसरला, उंदरांनी केलेली भोकं मोजली आणि म्हटलं, शिवून देते, पण एवढा खर्च कशाला, जाणार कोण ह्यात? "दोन बायकांना पुरंल का?" तिनं विचारलं. "पुरंल की. दुसरी कोण?" "तू." ओळख ना पाळख! मी घरी जाऊन हसत हसत नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा भला माणूस. तो म्हणाला, जा, दोन दिवस भांडी मी घासतो, फक्त ते गल्लीत सांगत बसू नकोस. अल्ला त्याला जन्नतीत सुखात ठेवो. गल्लीत मीच सांगितलं.

मग काय, सुटलोच आम्ही. पोरांच्या परीक्षा, तिच्या उसाची तोड, माझे रोजे, सगळं सांभाळून वर्षातनं तीन-चारदा तरी तंबू निघायचाच. साताऱ्याकडची पठारं, पाचगणीच्या खालचं खोरं, कृष्णाकाठची पांढरी वाळू... पहिल्या मुक्कामाला मी तंबूच्या दाराशी वळकटी टाकली, तर तिनं पायानं ढोसलं. "सरक आत. दारापाशी मी." काठी उशाशी घेऊन ती दाराशी झोपली आणि वीस वर्षं ती जागा तिनं सोडली नाही. लोक बोलायचे. दोन बायका, त्यातली एक हिंदू, एक मुसलमान, घरदार सोडून रानात निजतात म्हणजे काहीतरी भानगड असणार. गावोगावी माणसं येऊन उभी राहायची. एकानं विचारलं, "सर्वे करायला आलाय काय बाई?" शालन म्हणाली, "व्हय. आभाळ मोजायला आलोय. तुमच्या गावाला किती आलंय बघतो." तो बिचारा खरंच वर बघायला लागला.

घोटाळा माझ्या गुडघ्यांनी केला. एका सकाळी तंबूत मला उठताच येईना. हात टेकले, कूस बदलली, काही उपयोग नाही. शेवटी रांगत बाहेर आले आणि दगडाला धरून उभी राहिले. शालन चूल पेटवत होती, तिनं बघितलं. मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच डाफरले, "बघतीस काय? झालं माझं फिरणं. तू दुसरी कुणीतरी बघ." तिनं चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "निजायची जागा बदलू. जायाचं न्हाई बदलायचं." कॅरव्हॅन हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला. खरं सांगते, मला राग आला. इतकी वर्षं ज्या तंबूला मी ठिगळं लावली तो टाकून पत्र्याच्या पेटीत झोपायचं? मी आठ दिवस तिचा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी ती दुकानात येऊन मशीनवरच बसली. बसा आता शिवत!

मग सुरू झालं बघणं. पहिली बघितली पुण्यात. पांढरीशुभ्र, आत टीव्ही, छोटा फ्रीज. तिथला पोरगा टाय सावरत म्हणाला, मॅडम, एकदा साहेबांना घेऊन या, म्हणजे नीट समजावून सांगता येईल. शालन म्हणाली, "साहेब वर हायती. बोलवून घेतोस का तू जातोस?" आम्ही बाहेर. दुसरी पाचगणीला, एका हॉटेलवाल्याची जुनी. खिडक्यांना स्ट्रॉबेरीच्या चित्रांचे पडदे, आणि ते बघून ही बाई लहान पोरीसारखी विरघळली. मी गपचूप खाली बसून जमिनीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. पाचगणीचा पाऊस पिऊन फळी कुजली होती. "पडद्याला भुलतीस व्हय गं? कापड मी शिवून देईन, फळी कोण देणार?" येताना एसटीत ती कऱ्हाडपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. तिसरी आम्ही बघितली नाही, करूनच घेतली. आमच्या रस्त्यावर बापू मिस्त्रींचं वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या बनवतात. शालननं त्यांना कागदावर चित्र काढून दिलं. झोपायच्या बाकड्याची उंची किती ठेवू, असं बापूंनी विचारलं तर हिनं मला तिथल्या एका पालथ्या डब्यावर बसवलं. मी उठले. दुसरा उंच डबा आणला, त्यावर बसवलं. चौथ्या डब्यावरून मी कशालाही न धरता उठले. "हीच उंची. दोनी बाकडी हीच," शालन म्हणाली. मी तिच्याहून वीतभर बुटकी. त्या बाकड्यावर बसलं की तिचे गुडघे हनुवटीला यायचे. पण तिनं माप बदलू दिलं नाही.

बापूंनी हयातभर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या केल्या. हलकं काही करायला त्यांचा हात तयारच नाही. त्यांनी तसाच सांगाडा केला, तशीच चाकं, तसाच लोखंडी पाटा. रंग दिला, पडदे मी शिवले, जुन्या तंबूचं कापड दाराबाहेर सावलीला लावलं, नारळ फोडला, संदीपची मोटार जोडली आणि... गावाबाहेरच्या पहिल्याच चढाला मोटार थांबली. मागनं धूर, पुढं धूर. सगळं गाव हसलं. संदीप आईला म्हणाला, "तरी मी सांगत होतो." बापू डोकं खाजवत म्हणाले, "वजनाचं ध्यानात न्हाई आलं बाई, पण मजबूत लय हाय. हत्ती निजला तरी मोडायची न्हाई." मी रडायच्या बेतात. शालन मात्र घरी गेली आणि ट्रॅक्टर घेऊन आली. "ऊस जातो तर आपून का न्हाई जायाचं?" ह्या जाड पिनेनं तिनं स्वतः गाडी जोडली आणि मागं न बघता चढ चढून गेली. त्या दिवसापासून आमची कॅरव्हॅन ट्रॅक्टरला. सायकलवाले आम्हाला मागं टाकून हात करायचे. करू देत की.

जतच्या बाजूला गेलो तेव्हाची गोष्ट. कोरडं माळरान, मेंढरं, ज्वारीची धाटं. एका वस्तीजवळ पोचलो तर बायका घागरी घेऊन पळत आल्या. ट्रॅक्टरच्या मागं पांढरा पत्रा बघून त्यांना वाटलं टँकर आला! पुढची बाई, मल्लव्वा, धापा टाकत विचारते, "नीर बंतेनु?" पाणी आलं का, एवढं कन्नड आम्हालाही कळतं. शालन खाली उतरली आणि आमच्या टाकीचा नळ उघडला. घागरी कुठल्या भरायला, तांब्या-तांब्या आला वाट्याला. टाकी संपली. मग आम्हीच कोरड्या घशानं बसून राहिलो, तर संध्याकाळी मल्लव्वा कडीचा डबा भरून ताक घेऊन आली. त्या ताकाची चव मी विसरणार नाही. तो डबा चुकून आमच्याबरोबर आला. शालनच्या जिवाला तेव्हापासून टोचणी. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवायचं नसतं आणि रिकामं परत करायचं नसतं. पुढच्या खेपेला बेदाणे भरून देऊ, असं ठरलं. पुढच्या खेपेआधी तिच्या पोटातली गाठ निघाली.

शालन गेल्यावर चौदाव्या दिवशी संदीप दुकानात आला. वाईट पोरगा नाही तो. आईचं सगळं त्यानं केलं. म्हणाला, "मावशी, ती बापूंच्या आवारातली गाडी मळ्यात नेऊन लावतो, राखणदाराला खोली होईल. पिन तुमच्याकडं हाय म्हणं." म्हटलं, हाय. "आवं, आई गेली. आता तुमी एकट्या कुठं जाणार हाय?" हे त्यानं मायेनंच विचारलं आणि तेच मला झोंबलं. एकटी बाई, त्यात विधवा, त्यात गुडघे गेलेली... म्हणजे झालं, घाला खुंटीला? म्हटलं, पिन मिळणार नाही, दुसरी करून घे बापूंकडनं. तो बापूंकडं गेला. बापूंनी त्याला सांगितलं, त्या मापाचं लोखंड आता येत न्हाई. त्यांच्या मागं तसल्या लोखंडाचा ढीग पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून बापूंनी मला त्यांचा ट्रॅक्टर चालवायला शिकवला. क्लच दाबला की गुडघा बोंबलतो. बोंबलू दे. तो घरी बसूनही बोंबलायचाच. वर्कशॉपची भिंत मी एकदा पाडली, ती बापूंनी परत बांधली. मागच्या आठवड्यात निघालो. मोठ्या रस्त्याला चालवायला बापू, त्यांच्या बहिणीचं गाव आल्यावर ते उतरले आणि आतल्या रस्त्याला मी. एकटी. ओरडत होते मागनं, "बाई, दुसरा गिअर! दुसरा!" वस्तीवर घागरी घेऊन कुणी आलं नाही, ह्या वेळी त्यांनी गाडी ओळखली. मल्लव्वानं माझ्या मागं बघितलं, ट्रॅक्टरच्या सीटकडं बघितलं, मोडक्या मराठीत विचारलं, "उंच बाई?" म्हटलं, गेली. ती माझ्याजवळ पायरीवर बसली आणि आम्ही दोघी रडलो, मी मराठीत, ती कन्नडमध्ये. दुपारी मी आत जाऊन आडवी झाले. सवयीनं आतल्या बाकड्याकडं वळले होते... थांबले. काठी घेतली आणि दाराशेजारच्या बाकड्यावर पसरले. म्हटलं, शालन, सरक आत. दारापाशी आता मी.

निघताना बेदाण्याचा डबा मल्लव्वाच्या हातात दिला आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. ती आत गेली, बेदाणे ओतून घेतले आणि तोच डबा शेंगांनी गच्च भरून माझ्यापुढं धरला. म्हटलं, "अगं बाई, तुझाच डबा हाय हा! परत करायलाच तर आले मी." ती माझ्याकडं बघतच राहिली, असं कसं कळत नाही ह्या बाईला म्हणून. "मग रिकामा देऊ काय?"

डबा आता कॅरव्हॅनमध्ये आहे, दाराजवळच्या खिळ्याला, शालनच्या काठीशेजारी. शेंगा मी आणि बापूंनी येताना रस्त्यातच संपवल्या. संदीप, बाळा, हे वाचशीलच तू. पिन मिळणार नाही. मला डबा परत करायला जायचंय.