आईकडची रिस्पा

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी डोळखांबच्या पुढचा आमचा पाडा सोडला. निघण्याआधी माझ्याकडची कथा सुमनला दिली. सुमन शेजारच्या घरातली, तेव्हा चौथीत होती. अंगणात बायका बसल्या. मी कथा शेवटची एकदा सांगितली, सुमनने ती माझ्यामागून म्हणून दाखवली आणि आई म्हणाली, "झालं. आता जा बाय, मोकळी झालीस." मुरबाडच्या वसतिगृहात जाण्यासाठी मी जीपमध्ये बसले तेव्हा माझ्याजवळ पत्र्याची पेटी, एक गोधडी आणि सुकटीची पुडी होती. कथा नव्हती.

नागपुरात मी हे कुणाला सांगितलं तर समजावून सांगावं लागतं. आमच्या पाड्यात ख्रिस्ती घरं थोडी, आणि वाचता येणाऱ्या बायका त्याहून थोड्या. पाळक शहापूरहून महिन्यातून एकदा येत. मधल्या रविवारी बायका सभा आपली आपणच चालवत. त्यासाठी त्यांनी बायबलमधल्या बाया आपसांत वाटून घेतल्या होत्या. एकीने एकच बाई सांभाळायची. तिची कथा तोंडपाठ ठेवायची, कुणी मागितली की सांगायची. दुसरीकडची कथा आपण सांगायची नाही. आणि पाडा कायमचा सोडून जाणारीने आपली कथा मागे देऊन जायचं, मग ती लग्न होऊन जावो की शिकायला. वाटणी कुणी सुरू केली हे मला कुणी सांगू शकलं नाही. कारण मात्र आई सांगायची: "बाय राहते तिथं कथा राहते. नायतर सगळ्या कथा बसमदी बसून जातील."

हंगामापुरतं जाणं यात धरलं जात नसे. भात झोडून झालं की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जातो, आणि तेवढ्या महिन्यांत कथाही जातात. लहानपणी मी असं बोलणं रोज ऐकलं आहे. "दबोरा कुठाय?" "दबोरा भिवंडीला गेली, पावसाच्या तोंडावर येल." एस्तेर एका वर्षी कसाऱ्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर होती, तेव्हा नाताळला तिची कथा झाली नाही. पाळकांनी वाचून दाखवतो म्हटलं. बायका म्हणाल्या, वाचा, पण एस्तेर आल्यावर आमी परत ऐकू.

याएल सोनीमावशीकडे होती. दमून आलेल्या सेनापतीला याएल तंबूत दूध पाजते, पांघरूण घालते आणि तो झोपल्यावर त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते. मावशी ही कथा इतक्या जोरात सांगायची की तिचा नवरा बाहेरून ओरडायचा, "माझ्या घरात दूध मागायची सोय राह्यली नाय रे!" मावशी आतून उत्तर द्यायची, "तुमाला कवा दूध मिळालं? कोरा चहा पिऊन झोपा बिनघोर."

कथा कामालाही यायच्या. जानीकाकीच्या बहिणीचा नवरा गेला. तिला मुलगा नव्हता, मुलीच होत्या. दिरांनी झोपडी खाली करायला सांगितली. रविवारी सगळ्या बायका दिराच्या ओट्यासमोर जाऊन बसल्या आणि जानीकाकीने तिच्याकडची कथा सांगितली, सलाफहादाच्या पाच मुलींची: बाप मेला, भाऊ नाही, म्हणून त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा आम्हाला दे म्हणाल्या. दीर म्हणाला, "हे मोशेनं सांगितलं का तुमी?" जानीकाकी म्हणाली, "देवानं सांगितलं. मोशेनं नुसतं विचारलं." ती बहीण आजही त्याच झोपडीत राहते.

माझ्याकडे होती नामानाच्या घरची पोर. ती लहान मुलींनाच देत, कारण कथा लहान आहे. परमुलखात धरून नेलेली एक मुलगी, मोठ्या सरदाराच्या घरी मोलकरीण. सरदाराला कोड होतं. मुलगी त्याच्या बायकोला एवढंच सांगते की आमच्या मुलखात एक संदेष्टा आहे, तो यांना बरं करील. सरदार जातो, बरा होतो. मुलीचं पुढे काय झालं, ती घरी परत गेली का, हे पुस्तकात नाही.

आईकडे रिस्पा होती. दाविदाच्या काळात दुष्काळ पडला. आधीच्या राजाच्या, शौलाच्या, अपराधाची भरपाई म्हणून त्याच्या घरातल्या सात जणांना डोंगरावर फाशी दिलं. त्यात रिस्पाचे दोन मुलगे होते. प्रेतं तशीच ठेवली. रिस्पाने खडकावर तरट अंथरलं आणि सातूच्या कापणीपासून आभाळातून पाणी पडेपर्यंत ती तिथे बसून राहिली. दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना तिने प्रेतांजवळ येऊ दिलं नाही. हे राजाच्या कानावर गेलं. त्याने सगळ्यांची हाडं गोळा करून त्यांना रीतसर माती दिली. कथा एवढीच आहे. रिस्पा सबंध कथेत एक शब्दही बोलत नाही.

माझे वडील भट्टीवर वारले. मी तेव्हा लहान होते आणि तिथेच होते. सकाळी कच्च्या विटा पलटताना ते छातीला हात लावून खाली बसले आणि उठले नाहीत. मुकादम म्हणाला, हंगामाच्या वेळी गाडी मिळायची नाही, इथेच माती द्या. आई म्हणाली, "माझा माणूस माझ्या गावात जाईल." त्यानंतर ती बोलली नाही. वडिलांना गोणपाटावर ठेवलं होतं, त्यांच्या उशाला ती बसली. मुकादम दोनदा येऊन गेला. कावळे जमू लागले, भट्टीवरची कुत्री जवळ येऊ लागली. तेव्हा आईने हाकारा दिला. नाचणी पिकल्यावर शेतातल्या माळ्यावरून पाखरं उडवायला देतात तोच, लांब आणि चढत जाणारा. दुसऱ्या पाड्यांच्या बायका, ज्यांचा आमच्या देवाशी संबंध नव्हता, त्याही हातातलं काम टाकून आल्या आणि हाकारा देऊ लागल्या. दुपार कलल्यावर विटांचा ट्रक रिकामा करून मिळाला. वडील पाड्याच्या वरच्या अंगाला, मोहाच्या झाडाजवळ पुरलेले आहेत.

त्या वर्षापासून आईच्या रिस्पात हाकारा आला. पाखरांपर्यंत कथा आली की आई थांबायची, हात वर करायची, हाकारा द्यायची, आणि सभेतल्या सगळ्या बायका तिच्या आवाजात आवाज मिळवायच्या. पाळकांनी एकदा सांगितलं की हे पुस्तकात नाही. आई म्हणाली, "नसंल. पन पाखरं काय मनानं उडाली?" पाळक हसले. पुढच्या महिन्यात त्यांनाही हाकारा देताना मी पाहिलं.

मुरबाडनंतर कॉलेज, मग पत्रकारितेचा कोर्स, मग नागपुरात वर्तमानपत्राचा डेस्क. मी उपसंपादक आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या बातमीतून, जे सिद्ध होत नाही ते काढून टाकणं हे माझं काम. नवरा इथलाच, रेल्वेत आहे. आमच्या चर्चमध्ये महिला संघ आहे, त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि दर महिन्याला बायबलमधल्या एका स्त्रीवर व्याख्यान होतं. प्रोजेक्टर लागतो. एस्तेरचं धैर्य, अबीगाईलचं शहाणपण, आजच्या स्त्रीने काय घ्यावं, असे मुद्दे पडद्यावर येतात. व्याख्यानं चांगली असतात. मी बहुतेकींना हजर असते, शिफ्ट नसेल तर. एकदा अध्यक्षबाईंनी प्रत्येकीला विचारलं, तुम्हाला यातली कोण जवळची वाटते? सगळ्यांनी नावं सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं की माझ्याकडे सध्या कुणी नाही. त्यांना वाटलं माझं वाचन झालेलं नाही. त्यांनी मला एक पुस्तिका दिली.

आईला मी नागपूरला ये म्हणून पुष्कळदा म्हटलं. ती फोनवर विचारायची, "तिथं नाचणी पेरतात का गो?" मी नाही म्हणायची. "मग मी तिथं कशाची राखण करू?" असं म्हणून ती विषय बदलायची.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आईला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. शहापूरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर सुमनने तिचं सगळं पाहिलं. सुमनचं लग्न पाड्यातल्या पाड्यातच झालेलं आहे. मी रजा टाकून गेले, परत आले, पुन्हा गेले. दिवाळीनंतर सुमनचा फोन आला. "ताई, रविवारी सभा हाय. सोमवारी आमी भट्टीवर निघू. बायका म्हनतात काकीची रिस्पा कुनाला तरी द्यायला पायजे. पन काकी बोलल कशी? तू ये."

मी गेले. वाटेत शहापूरहून डोळखांबच्या बसमध्ये कथा मनात दोनदा म्हणून पाहिली. शब्दाला शब्द येत होती. आईचं आणि माझं एवढंच सारखं उरलं होतं. ती मला मिळावी असं मला वाटत होतं. नियम मला ठाऊक होता, तरी वाटत होतं.

रविवारी दुपारी आईला बाजेसकट अंगणात आणलं. सोनीमावशी आता म्हातारी आहे, सभा तीच चालवते. तिने तोडगा काढला. "मंजे, तुझ्या कानावर ही लहानपनापासून हाय. तू बोल. तुझी आय मानेनं हां म्हनली तं तिनं बोलल्यासारखंच धरू." मी उभी राहिले आणि सांगितली. दुष्काळ, डोंगर, तरट, कापणी. डेस्कवर बसल्यासारखी, काही जास्त नाही, काही कमी नाही. पाखरांपर्यंत आले आणि थांबले. हाकारा मला द्यायचा होता. हात वर गेला, पण घशातून जो आवाज निघाला तो कुठल्याही शेतातला नव्हता. एक-दोघी बायका हसल्या, मायेनेच. "पाखरू उडायच्या ऐवजी जवळ येल गो," जानीकाकी म्हणाली. मीही हसले.

तेव्हा बाजेवरून आवाज आला. तो शब्द नव्हता. आईने डावा हात वर केला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि छातीतून हाकारा निघत होता, आखूड, पण चढत जाणारा. बायकांनी तो लगेच उचलला. सुमन उठून बाजेजवळ गेली होती, आई बाजेवरून घसरू नये म्हणून. आईचा वर गेलेला हात खाली आला तो सुमनच्या डोक्यावर, आणि तिथेच राहिला.

मग सोनीमावशी म्हणाली, "सुमन, म्हन." सुमन माझ्याकडे पाहत म्हणाली, "ताईला द्या ना. लेक हाय ती." मावशीने आईला विचारलं, "मंजेला द्यायची का गो?" आईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते आजारपणापासून नेहमीच येत असे. हात तिने उचलला नाही.

सुमनने रिस्पा म्हणून दाखवली. तिचा हाकारा समोरच्या टेकडीपर्यंत गेला. सभा संपल्यावर मावशी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ऐकवलीस तू. दिली तिनं. वाईट वाटून घेऊ नको. तू जाशील, ही येल." दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. सुमन, तिचा नवरा आणि दोन घरं भिवंडीकडे गेली. मी आठवडाभर राहिले. आईला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं काम जानीकाकीने माझ्या हातात दिलं. मी कथेचा विषय काढला नाही. आई काढू शकत नव्हती.

आई फाल्गुनात पहाटे वारली. मी विमानाने मुंबईला येऊन दुपारनंतर पोचले. तोवर सुमन आली होती, विटा उतरवून परतणाऱ्या टेम्पोतून, पायांना लाल माती तशीच. आईला मोहाजवळ वडिलांच्या शेजारी माती दिली. पाळकांनी प्रार्थना केली. मग सुमनने रिस्पा सांगितली. निम्मा पाडा भट्ट्यांवर होता, त्यामुळे हाकाऱ्याला आवाज कमी पडला. मी ऐकणाऱ्या बायकांमध्ये बसले होते. त्यांच्याबरोबर मीही हाकारा दिला.

एकीने दोन कथा सांभाळायच्या नाहीत असा नियम आहे. म्हणून रिस्पा घेतल्यावर सुमनने तिच्याकडची जुनी, नामानाच्या घरची पोर, आपल्या मुलीला दिली होती. ही मुलगी वडीलधाऱ्यांकडे राहून पाड्यातूनच शाळेत जाते आणि यंदा दहावीला आहे. माती झाल्यावर तिने मला मुरबाडच्या वसतिगृहाबद्दल विचारलं: पेटी लागते का, अंथरूण आपलं न्यायचं का. मी सांगितलं.

सुमन दुसऱ्या दिवशी भट्टीवर परत गेली. मुलगी जूनमध्ये मुरबाडला जाणार आहे. तिच्याकडची कथा कुणाला द्यायची, हे अजून ठरलेलं नाही.