पप्पांच्या हातातलं स्टॉपवॉच

चाकणच्या कंपनीत आमच्या पप्पांना सगळे वचकून असतात. ते क्वालिटीत आहेत. केसाएवढा फरक निघाला तरी पार्ट रिजेक्ट, मग समोर सुपरवायझर का उभा असेना. अशा माणसाने मोजलेल्या वेळेवर कोण शंका घेईल? मी तरी घेतली नाही.

बारावीत असताना एका कंटेनरखाली माझा डावा पाय गुडघ्यापासून खाली गेला. पुढे ताथवड्याच्या कॉलेजात एका संस्थेने धावायचं ब्लेड, म्हणजे पात्यासारखा वाकडा कृत्रिम पाय, बसवून दिला आणि मला वेडच लागलं. निगडीच्या मैदानावर रोज सकाळी सराव. पप्पा रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरले की घरी न जाता युनिफॉर्मवरच तिथे यायचे आणि शंभर मीटरच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे. उरलेला पाय ज्यात बसतो त्या ब्लेडच्या सॉकेटमध्ये कातडी सोलवटून निघायची, पण मी ब्र काढायचे नाही, कारण वेळ कमी होत होती. वीस सेकंद, एकोणीस, मग साडेसतरा. दिव्यांगांच्या राज्य संघात यायला अठरा लागत होते. कॉलेजच्या सरांनी आमचाच आकडा फॉर्मवर चढवला. माझं शेवटचं वर्ष होतं. संघात गेले तर खेळाडू, नाहीतर पाय गेलेली मुलगी, इतका सरळ हिशोब मी मांडला होता.

निवड चाचणीत मशीनवर आले एकवीस पूर्णांक दोन. मी सगळ्यांच्या मागे, शेवटची. मी पंचांशी भांडले. मशीन बिघडलंय म्हणाले, माझे वडील क्वालिटीत आहेत म्हणाले. आठवलं की अजून लाज वाटते. पंच शांतपणे म्हणाले, "ताई, बाकीच्या मुलींच्या वेळा बरोबर आल्यात." मी वळून पप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

परतताना मी गाडीवर त्यांच्या मागे बसले होते. देहूरोडला त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"पहिल्यांदा चुकून लवकर दाबलं गेलं," ते म्हणाले. "तू आकडा बघून हसलीस. अपघातानंतर पहिल्यांदाच. पुढं मला नाही जमलं बाळा, खरं सांगायला."

मला इतका राग आला की गाडीवरून उतरून चालत जावंसं वाटलं. एकवीस माहीत असते तर मी एकवीसवर मेहनत घेतली असती. दुसरा प्रशिक्षक शोधला असता, नाहीतर वेळीच नाद सोडला असता. यातलं काही करायला त्यांनी मला जागाच ठेवली नाही. आणि भांडू तरी कशी? रात्रभर उभं राहून आलेला माणूस माझ्यासाठी पुन्हा उन्हात उभा राहत होता.

मी धावणं सोडलं त्याला आता दोन वर्षं झाली. मी कामावर निघाले की पप्पा दारापर्यंत येतात आणि म्हणतात, "छान चालतेस गं, कुणाला कळतसुद्धा नाही." पूर्वी मला ते खरं वाटायचं.