पायाला विचारायचं नाही

पनवेलमधले बरेचसे जिने मी पायऱ्यांच्या संख्येने ओळखते. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यापर्यंत अकरा पायऱ्या. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते तिथल्या माळ्यापर्यंत चौदा, आणि त्यातली नववी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच. ती बांधणाऱ्या गवंड्याला ते कळलं नसेल. मला रोज कळत होतं.

हा छंद नव्हे. माझे डोळे आणि माझे पाय यांचं लहानपणापासून पटत नाही. पायरी कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं, पण ती बातमी पायापर्यंत पोचेस्तोवर पाय निघून गेलेला असतो. चढताना एक वेळ निभावतं. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून टेकवावे लागतात, दोन वर्षांचं मूल टेकवतं तसे, आणि हात कठड्याला चिकटलेला. शाळेत मुली ओरडायच्या, "थांबा गं, नवरी उतरतेय!" डॉक्टरांनी गुडघे ठोकून पाहिले, डोळे तपासले आणि आईला सांगितलं, की हिचं लक्ष नसतं. वास्तविक पायऱ्यांकडे माझ्याइतकं लक्ष अख्ख्या तालुक्यात कोणी दिलं नसेल. पुढे ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात या प्रकाराचं नाव सापडलं. नाव भारदस्त होतं. मी ते पाठ केलं. नववी पायरी होती तेवढीच उंच राहिली.

पनवेलची महानगरपालिका व्हायची होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक मॉल उघडला आणि त्यात सरकता जिना आला. उद्घाटनाला आम्ही मायलेकी गेलो होतो. लेक तेव्हा तिसरीत होती. जिन्याच्या तोंडाशी लाल फीत, बाजूला सनई, प्रमुख पाहुण्यांना फेटा, शाल आणि श्रीफळ. एक श्रीफळ जिन्यावरच फोडायचं घाटत होतं, पण तिथल्या इंजिनिअरने हात जोडले म्हणून ते फरशीवर फोडण्यात आलं. मग पाहुण्यांना जिन्यावर चढवलं. दोघांनी दंड धरले, एकाने पाठीला हात लावला आणि चौथा शाल सावरत राहिला. पाहुणे डोळे मिटून वर गेले. टाळ्या झाल्या. चौघांनी धरून चढवलं तर तो सन्मान, आणि मी एक कठडा धरला तर ते व्यंग, हा हिशेब मला त्या दिवसापर्यंत कोणी इतका स्वच्छ मांडून दाखवला नव्हता.

गर्दी ओसरल्यावर लेक म्हणाली, "आई, आपण?"

मी जिन्यापाशी उभी राहिले. जमिनीतून पायऱ्या उगवत होत्या आणि मी पाय कधी टाकायचा ते मोजत होते. ही नको, पुढची. पुढची नको, त्याच्या पुढची. मागून आवाज आला, "मॅडम, चढताय का?" मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला. चपलेला पट्टा नव्हता. मग म्हणाले, "लिफ्टने जाऊ, इथे फार गर्दी आहे." तोपर्यंत आमच्यामागे फक्त तो विचारणारा गृहस्थ उरला होता. लिफ्ट मॉलच्या मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी होती. पुढचे कित्येक महिने आम्ही तिनेच जात राहिलो.

मुलं ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. एका संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. पंधरा दिवसांनी मुलीचा वाढदिवस होता, मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या खेळांच्या दालनात. फोन लेकीने घेतला होता. मी आतून ऐकलं.

"मी नाही येणार, काकू. आमच्यात सरकत्या जिन्यावर चढत नाहीत."

आमच्यात कांदा-लसूण खात नाहीत, आमच्यात शनिवारी नखं कापत नाहीत, त्याच सुरात. आवाजात दुःख नव्हतं, लाज नव्हती. घराण्याची रीत सांगावी तशी तिने सांगून टाकली. लेकीचे पाय उत्तम होते. दोरीवरच्या उड्या ती मोजायचं सोडून द्यावं इतक्या मारायची. भीती तिची नव्हतीच, माझी होती, आणि मी ती तिला नकळत कुळाचार म्हणून दिली होती. मी फोन घेतला आणि मैत्रिणीच्या आईला म्हटलं, "येईल ती." कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा उरणकडच्या करंजा बंदरावरून मासे घेऊन मावशी यायच्या. साठी ओलांडलेली कोळीण, डोक्यावर पाटी, हाताने कशालाही न धरता तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते आणि त्या चढत होत्या. माझ्यासाठी त्यांना खाली थांबावं लागलं.

"ताई, पायांकडं काय बगता मगाधरनं? पलून जातायत का ते?"

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. त्या दिवशी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं: जिना, वाढदिवस, लेकीचं ते वाक्य. सरकता जिना म्हणजे काय तेही सांगावं लागलं. मावशींनी पाटी उतरवली, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे होरीसारकंच की."

"होडीसारखं कसं?"

"धक्क्यावरनं होरीत उतरताव ना आमी. ती काय थांबत नाय आमच्यासाठी. वर येते, खाली जाते. पायाकडं बगून पाय टाकला की गेला पान्यात. पयला हात द्यायचा. होरीतला मानूस हात धरतो, हात होरीसंगती जातो, पाय मागनं येतोच. पायाला इचारायचं नाय."

"आणि बघायचं कुठे?"

"समोरच्याच्या कपालाकडं." मग पाटी डोक्यावर चढवत म्हणाल्या, "ऐकून नाय जमायचं. रविवारी या करंज्याला."

रविवारी आम्ही मायलेकी गेलो. पलीकडे रेवसला जाणारी लाँच धक्क्याला लागलेली होती आणि भरतीच्या पाण्यावर वरखाली होत होती. धक्क्यावर बोंबील वाळत होते, माणसं टोपल्या, सायकली आणि एक शेळी घेऊन बिनधास्त लाँचमध्ये उतरत होती. शेळीलासुद्धा जमलं. आमच्या जिन्यात मावशी मला 'ताई, तुमी' म्हणायच्या. धक्क्यावर मी 'गो बाय, तू' झाले. गाव त्यांचं होतं.

त्या आधी उतरल्या आणि लाँचमधून हात पुढे केला. "दे हात."

मी पाण्याकडे पाहिलं. मग लाँचच्या काठाकडे. मग पायाकडे.

"खाली काय हाय? म्हावरा तं मी दारात आनतंय. वर बग! माज्या कपालाकडं!"

कपाळावर गोंदण होतं, तीन हिरवे ठिपके. इतकी वर्षं मासे घेत होते, कधी पाहिले नव्हते. ते ठिपके वर आले, हात ओढला गेला आणि मी लाँचमध्ये होते. पाय केव्हा उचलला ते मला आजही सांगता येणार नाही. आजूबाजूला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने "सरक गो तिकडं" म्हटलं. मी सरकले, वळले आणि लेकीकडे हात केला. "माझ्या कपाळाकडे बघ," मी म्हटलं, आणि ती टुणकन आत आली.

रेवसपर्यंत गेलो, चहा घेतला, परत आलो. चार वेळा धक्का, चार वेळा हात.

बुधवारी मी रजा टाकली. लेकीची शाळा दुपारची होती. मॉल उघडताच आम्ही हजर. आत फरशी पुसणारी एक बाई आणि जिन्यापाशी स्टुलावर बसलेला सुरक्षारक्षक, एवढेच. जिन्यावर हात द्यायला मावशी नव्हत्या. पण काळा रबरी कठडा होता, आणि तो पायऱ्यांबरोबर वर जात होता. हे मी इतक्या महिन्यांत पाहिलंच नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष पायांत. आजवर मी आधी पाय टाकायला बघायचे आणि हात नंतरसाठी राखून ठेवायचे. उजवा हात कठड्यावर ठेवला. दुसऱ्या हातात लेकीचा हात. वर पहिल्या मजल्यावर कपड्यांच्या दुकानाबाहेर टक्कल पडलेला पुतळा उभा होता. कपाळ हवं तेवढं मोठं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. कठड्याने हात नेला, आणि मी गेले.

अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं, की उतरायचं कसं याचा विचार केलेलाच नाही. पायऱ्या वर जाऊन जमिनीत गडप होत होत्या आणि आम्हीही त्याच दिशेने निघालो होतो. लेकीने माझा हात घट्ट धरला. "आई, आता?"

"रेवस आलं," मी म्हटलं. "उडी."

आम्ही उडी मारली. ती डौलदार नव्हती. पुतळ्याला धक्का लागला आणि त्याचा एक हात माझ्या हातात आला. तो मी जागेवर बसवला, थोडा उलटा बसला, आणि आम्ही दोघी तिथेच, बंद दुकानासमोर, पोट धरून हसत सुटलो.

मग खाली. खाली जाणं मला जास्त कठीण जाईल असं वाटलं होतं, तसंच गेलं. दोन वेळा मी तोंडाशी थांबले, तिसऱ्यांदा हात दिला. मग पुन्हा वर. पुन्हा खाली. सातव्या फेरीला सुरक्षारक्षक स्टुलावरून उठला. "मॅडम, कुछ लेना भी है?"

"ले लिया," मी म्हटलं. माझं हिंदी एरवी इतकं हजरजबाबी नाही.

मावशी आल्या तेव्हा मी त्यांना दारातच ही बातमी दिली. त्यांनी पापलेट साफ करता करता ऐकली.

"वर काय हाय मंग?"

"कपड्यांची दुकानं. त्याच्या वर खेळ, खाण्याची दुकानं."

"मासली?"

"असते. बर्फातली, तळलेली."

मावशींनी कोयता थांबवला. "आनि त्याच्यासाटी तू एवडी रजा काढलीस?" पण जाताना चार मांदेली जास्त टाकून गेल्या, आणि 'ताई, तुमी' पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मी लेकीला मॉलच्या दारात सोडलं. दोन पावलांवर जिन्यापाशी पोरींचा घोळका आणि मैत्रिणीची आई. बाई समजूतदार होती. तिला फोनवरचं बोलणं आठवत होतं. खाली वाकून ती हळूच लेकीला म्हणाली, "तुमच्यात चढत नाहीत ना गं यावर? चल, आपण दोघी लिफ्टने जाऊ."

"नाही काकू," लेक म्हणाली. "आता चढतात."

तिने कठड्यावर हात टाकला आणि मैत्रिणींशी बोलत बोलत, खाली न बघता, वर निघून गेली. मागे वळून माझ्याकडेही बघितलं नाही. बरं वाटलं.

मी दाराशी एकटी उरले. वर मला काही काम नव्हतं, घ्यायचं काही नव्हतं, बोलावणंही नव्हतं. कठड्यावर हात ठेवला. मी गेले.