दमलेल्या घोडीवरून उतरण्याची शिक्षा

सामरवरणीच्या एका धोडिया आदिवासी शेतकऱ्याने जिंकलेली शर्यत त्याच्याकडून काढून घेण्यात आली. कधी, तेही सांगतो, कारण आमच्याकडे ‘असं झालं होतं म्हणे’ एवढं बोलून वाट्टेल ते पुरून टाकतात. फिरंग्यांकडून सुटलेला आपला सिल्वासाचा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला, त्यानंतरचा तिसरा दसरा. दुपारची शेवटची शर्यत संपलेली, घोड्यांच्या तोंडचा फेस अजून वाळलेला नाही, आणि मैदानातली माणसं सोनं लुटायला घराकडे वळलेली. त्या वेळी. दमणगंगेच्या काठी, भर उन्हात, माझ्यासमोर.

मला घोड्यांच्या शर्यती आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. परळला आमच्या युनियनच्या खोलीत पत्रकं लिहायचो, छापायचो, गिरणीच्या दारात वाटायचो, तेव्हाही आवडायच्या. सोबती चिडवायचे, “काय कॉम्रेड, मालकांच्या घोड्यांना मुजरा करून आलात?” करून आलो, म्हणायचो. पैसा कधी लावला नाही. लावायला होता कुठे! रेसकोर्सच्या कुंपणाबाहेर उभं राहून शेवटचं वळण तेवढं दिसायचं, आणि मला तेवढंच पुरायचं.

एकदा एक तपकिरी घोडा वळणावर सगळ्यांत मागे होता. मागे म्हणजे अगदी लाज वाटावी इतका मागे. सरळ पट्टीला लागल्यावर जॉकीने त्याला बाहेरच्या बाजूला काढलं, चाबूक उचललाच नाही, नुसते हात पुढे सोडले. घोड्याने मान लांब केली आणि एकेकाला गिळत गेला. माझ्या शेजारी एक बदली कामगार कुंपणाची जाळी धरून उभा होता. त्याने दुसऱ्याच घोड्यावर पैसे लावले होते, म्हणजे त्याचे गेले. तरी तो गडी जाळी हलवून हलवून त्या तपकिरी घोड्याच्या नावाने ओरडत होता. खेळ म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी तो माणूस दाखवीन. रेसकोर्सच्या आत दुर्बिणी लावून बसलेले दाखवणार नाही.

दुर्बीणवाल्यांपैकीच एक आमच्या सिल्वासाच्या वाट्याला आला होता. कचेरीत हेडक्लार्क. मूळचा कोकणातला, उमेदीची वर्षं मुंबईत गेलेली, आणि त्यातला प्रत्येक रविवार रेसकोर्सवर. इथे बदली झाली तेव्हा ट्रंकेत शर्यतीच्या नियमांचं पुस्तक घेऊन आला. माझा थोरला भाऊ त्याच्या हाताखाली होता. मी दादाकडेच, सिल्वासातल्या टोकरखाड्याला राहायला आलो होतो, मुंबईला पोलिसांनी फार विचारपूस चालवली म्हणून. दादा म्हणायचा, “हेडक्लार्कसाहेबांना घोड्यातलं सगळं कळतं.” खोटं. त्याला पुस्तकातलं सगळं कळत होतं. घोड्याच्या पाठीवर हात ठेवताना मी त्याला कधी पाहिला नाही. दोन हात लांब उभा राहायचा आणि रुमाल नाकाशी धरायचा.

दसऱ्याला आमच्याकडे पूर्वीपासून घोडे पळवायचे. टांगेवाले, सामान वाहणारे, कुणी हौशी, जो येईल तो. आंब्याच्या झाडापासून निघायचं, नदीच्या वळणावर रोवलेल्या झेंड्याला वळसा घालून परत यायचं. पहिला येईल त्याला नारळ आणि पागोटं. त्या वर्षी हेडक्लार्कने समिती काढली आणि म्हणाला, आता सगळं मुंबईसारखं व्हायला पाहिजे. बक्षीसही मोठं ठेवलं: एक कप, आणि वर्षभर नदीकाठच्या कुरणात जनावर चारायची मोकळीक.

त्या कुरणासाठी तो सामरवरणीवाला आला होता. त्याच्याकडे एक घोडी होती, राखी रंगाची, बुटकी, पोटाने रुंद. फिरंग्यांच्या कुठल्या अंमलदाराने मागे सोडलेल्या घोड्याची ती नात, असं लोक सांगायचे. तिच्या पाठीवर तो खानवेलकडून लाकूड आणि बांबू आणून बाजारात विकायचा. त्याचं घर चालायचं ते त्या घोडीवर. पूर्वी ती नदीकाठी फुकट चरायची. नव्या राज्यात कुरणाला काटेरी तार आली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. शर्यतीच्या आदल्या बाजारी मी त्याला विचारलं, “कप मिळाला तर काय करशील?”

“कपाचा शुं करू, भाय? त्यात पेज पिऊ? मने गवत जोईए.” मग घोडीच्या कानामागे खाजवत म्हणाला, “गवत नाय, तो आ पण नाय. विकायलाच लागेल.”

एवढं साधं होतं. गवत मिळालं तर घोडी राहणार, नाही मिळालं तर जाणार.

दसऱ्याच्या दुपारी मंडप उभा राहिला, दोर बांधले गेले, पंचाचं टेबल आलं. टेबलावर हिरवं कापड, त्यावर कप, कपामागे हेडक्लार्क. मुंबईला जॉकीचं वजन करतात म्हणून इथेही करायचं ठरलं होतं. त्यासाठी धान्याच्या व्यापाऱ्याचा मोठा तराजू आणला होता, साखळ्यांना टांगलेल्या पारड्यांचा. एका पारड्यात वाळूची पोती, दुसऱ्यात स्वार. एक जाडा टांगेवाला बसला तर पारडं जमिनीला टेकलं, आणि गर्दीतून आवाज आला, “अरे, अर्धा त्याला पळवा, अर्धा उद्या!” मंडपातल्या बायकासुद्धा हसल्या.

मग हेडक्लार्कने कर्ण्यातून नियम वाचले. पुस्तक इंग्रजी, तोंडाने मराठी, ऐकणारे गुजराती आणि धोडिया. एक नियम असा होता, की शर्यत संपल्यावर स्वाराने वजनकाट्याशी येईपर्यंत घोड्यावरून उतरायचं नाही, उतरला तर बाद. मी ऐकला, कारण मला तो ठाऊक होता. मुंबईला जॉकीच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरून काढतात. वाटेत उतरला तर त्या तो इकडेतिकडे करील, म्हणून ही बंदी. इथे? खोगीरच नाही! सामरवरणीवाला घोडीच्या पाठीवर पोतं टाकून बसला होता आणि अंगात एक लंगोट. शिसं कुठे लपवणार होता तो?

शर्यत मी आयुष्यभर विसरणार नाही. आठ-नऊ घोडे. सगळ्यांत देखणा होता दारूच्या दुकानदाराचा, वापीहून आणलेला, उंच, काळा, चकचकीत. गुजरातेत दारूबंदी झाल्यापासून वापीकडची निम्मी गर्दी आमच्याकडे घसा ओला करायला येते. त्या पैशावर तो घोडा हरभरा खाऊन माजला होता. त्याच्यावर वापीचाच एक स्वार, पायांत बूट. काळा जो सुटला तो झेंड्यापर्यंत एकटाच. राखी घोडी पाचवी की सहावी होती. लोक म्हणाले, “ही तर लाकडं घेऊनच पळतेय!”

झेंड्याजवळ नदीची वाळू येते. तिथे काळ्याचे पाय रुतले, तो रुंद वळला. घोडी रोज त्याच वाळूतून ओझं घेऊन यायची. तिने वेग कमीही केला नाही, झेंड्याला पोट घासून वळली. आता समोर घर, म्हणजे आंबा. स्वार तिच्या मानेवर पालथा पडला होता, आयाळीत तोंड घालून काहीतरी बोलत होता. घोडे एकामागून एक मागे पडत गेले. चाबूक नाही, टाच नाही. शेवटी काळा आणि ती बरोबरीला आले, आणि मग तिचं ते रुंद पोट, ज्याला लोक हसले होते, ते भात्यासारखं हललं आणि ती अख्ख्या मानेने पुढे निघाली. मी दोर तोडून आत पडलो होतो, मला नंतर कळलं. पूर्ण मैदान ओरडत होतं. रेसकोर्सच्या कुंपणाशी पाहिलेला तो तपकिरी घोडा मला त्या दिवशी दुसऱ्या नंबरचा वाटला.

रेषा ओलांडली आणि दहा-बारा ढांगांवर तो खाली उतरला.

ही इकडच्या ओझेवाल्यांची रीत आहे. जनावर धापा टाकत असलं, की त्याच्या पाठीवर माणूस बसत नाही. श्वास जागेवर येईपर्यंत बरोबरीने चालायचं. चढ चढून आल्यावर तो नेहमी असंच करायचा, मीच कितीदा पाहिलं होतं. त्याने पोतं खाली ओढलं, घोडीचं नाक हाताने पुसलं आणि तिला सावकाश नदीकडे चालवत नेलं. काळ्याचा स्वार मात्र पाठीवर ताठ बसून राहिला. घोड्याचे मागचे पाय लटपटत होते, मान गुडघ्यापर्यंत आली होती, आणि बूटवाला त्याला तसाच टाच मारत तराजूपर्यंत घेऊन गेला. मंडपातून टाळ्या पडल्या. वा, काय शिस्त!

तोवर गर्दी पांगली होती. घोडी पहिली आली हे सगळ्यांनी पाहिलं, नाचून झालं, आता उरलं काय? आपट्याची पानं घेऊन माणसं निघाली. मैदानात राहिलो आम्ही पंधरा-वीस जण. तेव्हा कर्ण्यातून निकाल आला, की दुकानदाराचा घोडा विजयी.

मी टेबलाशी गेलो. “घोडी पहिली आली की नाही?”

“आली ना,” हेडक्लार्क म्हणाला. “मी कुठे नाही म्हणतो?”

“मग?”

“पहिली आली, पण जिंकली नाही. स्वार वजनाआधी उतरला.”

“अहो, दमली होती ती!”

“घोड्यांना दमायला कुणी बंदी केलीय का? स्वाराने उतरायचं नाही, एवढंच म्हणणं आहे. तुम्ही परळवाले ना, तुम्हाला कुठला नियम मानवतो?”

“तो नियम शिशासाठी आहे. ह्याच्या लंगोटात शिसं होतं काय?”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. तो नाही हसला. पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं, बोट ठेवून. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला वाटतं लाच घेतली असती तर मी त्याला एवढ्या शिव्या घातल्या नसत्या. लाचखाऊ माणूस निदान नजर चुकवतो.

तेवढ्यात सामरवरणीवाला घोडीला पाणी पाजून परत आला. कप घ्यायला आला होता बिचारा, केस ओले करून, हसत. त्याला कुणीतरी गुजरातीत सांगितलं. त्याला आधी ते समजेनाच. “साएब, ए थाकी गई हती,” तो म्हणाला. “थाकेल्या जनावरावर कोण बसे?” मग मंडपाकडे वळून, तेच पुन्हा, मोठ्याने: “कोण बसे?”

मंडपात बायका ताटं आवरत होत्या. दुकानदार कप काखेत मारून निघाला.

घरी दादाने मला फैलावर घेतलं. “नोकरी माझी आहे, तुझी नाही. घोड्याच्या शर्यतीवरून क्रांती करणार आहेस?”

“तू होतास ना तिथे? पाहिलंस ना?”

“पाहिलं. म्हणून काय झालं?”

म्हणून काय झालं! दुसऱ्या दिवसापासून मी साक्षीदार गोळा करायला निघालो. शिक्षक, तलाठी, दुकानवाले, टांगेवाले. सगळ्यांचं एकच: घोडी पहिली आली, शंभर टक्के. मग चला कचेरीत, सांगा. तर म्हणे, “निकाल लागला तेव्हा आम्ही नव्हतो, बुवा. काय झालं असेल ते असेल.” एक शिक्षक तर मला म्हणाला, “एवढी चांगली शर्यत झाली, तुम्ही तिला उगाच गालबोट लावताय.” त्याने तिथे उभं राहून टोपी उडवली होती. मी पाहिली होती त्याची टोपी उडताना.

मला कबड्डीचा म्हणूनच आदर वाटतो. पंच चुकला, तर दोन्ही संघ त्याच्या अंगावर जातात, प्रेक्षक मैदानात उतरतात, भांडण निस्तरल्याशिवाय पुढचा गडी चढाईला जात नाही. असभ्य म्हणा हवं तर. पण तिथे कुणाचा डाव त्याच्या पाठीमागे उचलून दुसऱ्याला देता येत नाही.

कुरणाचं काय झालं? दुकानदाराच्या घोड्याला हरभरा होता, तो तिकडे फिरकलाही नाही. सामरवरणीवाला त्याच्याकडे गेला, म्हणाला, तुम्हाला नको असेल तर मला चारू द्या. दुकानदार म्हणाला, कचेरीला विचार. कचेरी म्हणाली, ज्याने जिंकलं त्याला विचार. कुलूप तसंच राहिलं. गवत कमरेएवढं वाढलं, पिवळं पडलं, उभ्याउभ्या वाळलं. होळीनंतर घोडी वापीच्या एका टांगेवाल्याने नेली. आता तो माणूस खानवेलच्या रस्त्याने लाकडाची मोळी स्वतःच्या डोक्यावर आणतो. अर्धीच येते. मी मध्यंतरी एकदा भेटलो तर म्हणाला, “भाय, तुम्ही ओरडला, बरा केला. पण एकटा ओरडला.”

या दसऱ्याला त्याच मैदानात, त्याच समितीच्या शर्यती आहेत. तुम्ही जाणार, मला माहीत आहे. मीही जाणार, कारण घोडा पळताना पाहणं मला सोडवत नाही. तेव्हा माझी मागणी तुमच्याकडे आहे, समितीकडे नाही. तिच्याकडून मला काही नको. घोडा रेषेवरून गेला, तुम्ही ओरडलात, तरी पाय हलवू नका. कर्ण्यातून निकाल ऐका. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं त्याहून वेगळं नाव आलं, तर दोराखालून आत शिरा, हिरव्या कापडाच्या टेबलापुढे उभे राहा, आणि काय पाहिलं ते तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत बोला. निकाल बदलल्याशिवाय कुणाला मैदानाबाहेर कप नेऊ देऊ नका.