बिंदुअण्णाने निवडलेला कन्व्हर्टर

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उघडून पुन्हा धड बसवणारा माणूस हवा असेल, तर म्हैसूरचे लोक कडकोळच्या औद्योगिक वसाहतीत बिंदुमाधव पिसे याच्या शेडकडे बोट दाखवतात. सगळे त्याला बिंदुअण्णा म्हणतात. वय त्रेपन्न, हात कसबी, आणि स्वभाव असा की सकाळी कोणी हसून नमस्कार केला तरी हा मनात म्हणणार, याला आज काय हवंय? दूधवाल्याचं दूध, डॉक्टरचं निदान, हवामानाचा अंदाज, यातलं काहीही त्याने आजवर खडा टाकून पाहिल्याशिवाय मानलेलं नाही. त्याची बायको विशालाक्षी लग्नातली गोष्ट अजून सांगते. "अंतरपाट सरला, मत्ते हे मला बघायचं सोडून खिशातला फोटो काढले. तीच मुलगी काय म्हणून!" मत्ते म्हणजे मग, तिच्या म्हैसुरी मराठीतलं.

हा संशय घरचाच होता. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक सांगतं ती कंबर कधीच खरी नसते, असं त्यांचं ठाम मत, म्हणून टेप नेहमी स्वतःच्या हातात. शिवाय गिऱ्हाइकाने कितीही घट्ट विजार मागितली तरी ते शिवणीच्या आत दोन इंच कापड गुपचूप सोडून ठेवत. वर्षभराने पोट सुटलं की तोच माणूस ओशाळून दुकानात येई, वडील शिवण उसवून विजार सैल करून देत, आणि तो पायच धरायचा बाकी राही. बिंदुअण्णाने सुई घेतली नाही, पण ही रीत मात्र जशीच्या तशी उचलली.

त्याच्या धंद्यातली विजार म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेलाने भरलेला, भोपळ्याएवढा एक लोखंडी डबा असतो. इंजिनचा जोर तेलातून पुढे पोचवायचं काम त्याचं. ब्रेक दाबून गाडी जागीच धरली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन मिनिटाला ज्या फेऱ्यांवर येऊन अडतं, तो त्या कन्व्हर्टरचा आकडा. आकडा मोठा असेल तर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आधीच जागा होतो आणि गाडी सुटते ती सुटतेच. पण अशा गाडीने ओझं ओढलं की तेल तापतं आणि गिअरबॉक्स जळतो. आकडा लहान असेल तर गिअरबॉक्स सुखात, पण गाडी उठताना अंग चोरते. तेव्हा गाडी कशासाठी वापरणार, हे मालकाने खरं सांगितलं तरच कन्व्हर्टर नीट निवडता येतो. आणि खरं कोण सांगतं? दोन वर्षांपूर्वी एका पठ्ठ्याने "फक्त हौसेसाठी हो" म्हणून मोठ्या आकड्याचा बसवून घेतला, दुसऱ्या दिवसापासून विटांचा ट्रेलर ओढला, गिअरबॉक्स जाळला आणि गावभर बिंदुअण्णाच्या नावाने शंख केला. त्या दिवशी बिंदुअण्णाने कानाला खडा लावला.

नोव्हेंबरात ऋचा आली. मूळची संगमनेरची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, चामराजपुरममध्ये भाड्याच्या घरात राहणारी, पस्तिशीच्या आतली. तिच्याकडे ऑटोमॅटिक डिझेल पिकअप होती, पिरियापट्टणच्या एका तंबाखूवाल्याकडून जुनी घेतलेली. दोन शेड पलीकडच्या सत्यनारायणकडून तिने मोठा टर्बो बसवून घेतला होता. जानेवारीत कोडगूच्या एका कॉफीच्या मळ्यात चढणीची शर्यत होती. उभ्या जागेवरून सुटायचं आणि सरळ डोंगर चढायचा. गेल्या वर्षी ती थोडक्यात दुसरी आली होती आणि ते तिला फार लागलं होतं.

"काका, मला दोन हजार सहाशेचा कन्व्हर्टर हवाय," ती म्हणाली. "कंपनीच्या कन्व्हर्टरने नवा टर्बो जागाच होत नाही."

"ट्रेलर ओढता काय, मॅडम?"

"नाही."

"तुमचे मिस्टर?"

"विक्रांत? त्याला स्कूटरसुद्धा सरळ चालवता येत नाही!" म्हणून ती मोकळेपणाने हसली.

हसून उत्तर देणाऱ्यावर बिंदुअण्णाचा संशय दुप्पट होतो. टॉर्च घेऊन तो गाडीखाली शिरला. मागचा ओढायचा हूक घासून घासून चकचकीत झालेला होता, आणि हौद्याच्या फटींत तंबाखूच्या पानांचा चुरा होता. "ते आधीच्या मालकाचं असेल," ऋचा म्हणाली. बिंदुअण्णाने मान हलवली, पण मनात पाल चुकचुकलीच. इथे नक्की पाणी मुरतंय.

रविवारी तो स्कूटर काढून चामराजपुरमला गेला. विशालाक्षीला सांगितलं, आत्याकडे जातो. आत्या त्या भागात राहतसुद्धा नव्हती. ऋचाच्या घरासमोर पिकअप उभी होती, आणि तिला अगदी खेटून, निळ्या ताडपत्रीखाली, चांगला दणकट ट्रेलर. कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफीवर कॉफी घेत बिंदुअण्णा पाऊण तास डोळ्यांत तेल घालून बसला. ट्रेलर कोणी जोडला नाही, कोणी हलवला नाही. पण बघायला आलेल्याला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. समोर घराची बेल होती. ती वाजवून विचारावं, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

त्याने बंगळूरहून दोन हजारचा कन्व्हर्टर मागवला. हा डबा चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद असतो. विजार उलटी करून शिवण बघता येते, इथे तीही सोय नाही. आकडा फक्त वरच्या स्टिकरवर. तो त्याने थिनरच्या फडक्याने पुसून काढला. वडिलांनी दोन इंच कापड ठेवलं, मी सहाशे फेऱ्या ठेवल्या, असं त्याने स्वतःला समजावलं. एक दिवस हीच बाई आभार मानायला येईल.

गाडी न्यायला ऋचा आली तेव्हा तिने सहज विचारलं, "दोन हजार सहाशेचाच ना, काका?"

"हौदु, हो," बिंदुअण्णा म्हणाला. नळाखाली हात धुता धुता म्हणाला, त्यामुळे तिच्याकडे बघावं लागलं नाही.

जानेवारीच्या शेवटी सत्यनारायण तणतणत शेडमध्ये आला. दोघांची पंधरा वर्षांची दोस्ती. बोलणं कन्नडमध्ये चाललं, पण त्याचा राग कुठल्याही भाषेत कळला असता. ऋचा अकरा गाड्यांत नववी आली होती. सुटायच्या वेळी काटा दोन हजारावरच अडला आणि गाडी चिखलातून म्हैस उठावी तशी उठली. ती म्हणते, टर्बोत खोट आहे. त्याने टर्बो दोनदा उघडून दाखवला, काही निघालं नाही. शेवटी तिने पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं की सत्यनारायणच्या कामाचा भरवसा नाही. त्या आठवड्यात ठरलेल्या दोन गाड्या आल्याच नाहीत.

"मी तिला म्हटलं, एकदा कन्व्हर्टर तपास," सत्यनारायण म्हणाला. "तर म्हणते कशी, तो बिंदुकाकांनी बसवलाय, तिथे बघायचं कामच नाही. तू तरी तिला सांग, बिंदू. तुझं ती ऐकेल."

बिंदुअण्णाच्या तोंडून "बघतो" एवढंच निघालं. आयुष्यभर त्याने कोणावर डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता, आणि इथे एका बाईने तो त्याच्यावर टाकला होता. त्याला लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. खरं सांगावं तर कडकोळात आपल्या शब्दाला किंमत राहणार नाही. गप्प बसावं तर सत्यनारायणचं नाव बुडतंय. दोन दिवस त्याने गप्प बसून पाहिलं. ताट अर्धं टाकून तो उठू लागला. शेवटी विशालाक्षीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"ट्रेलर तिचाच म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मत्ते?"

शनिवारी सकाळी त्याने ऋचाला बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आकडा, स्टिकर, रविवारची कॉफी, सगळं. ट्रेलरचं आलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"तो गंगाधररावांचा आहे, आमच्या घरमालकांचा," ती म्हणाली. "लग्नांना जनरेटर भाड्याने देतात ते. त्यांची जीप ओढते तो. तुम्ही बेल का नाही वाजवलीत, काका?"

"चुकलं, बाई. गिअरबॉक्स जळंल म्हणून भीती होती."

"मग ‘दोन हजार सहाशेचा मी बसवणार नाही’ असं तोंडावर सांगायचं होतंत. मी भांडले असते, दुसरीकडे गेले असते. पण मला कळलं तरी असतं." "आणि मी त्या सत्यनारायणला काय काय बोलले! त्या माणसाने माझ्यासमोर दोनदा टर्बो उघडला हो."

ती तडक सत्यनारायणच्या शेडकडे गेली. तिने हात जोडलेले बिंदुअण्णाला लांबून दिसले. मग तिथेच उभी राहून तिने फोनवर बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि सत्यनारायणला वाचून दाखवलं. सत्यनारायणने एकदा मान वळवून बिंदुअण्णाच्या शेडकडे पाहिलं. हाक मारली नाही, हातही हलवला नाही.

ऋचा परत आली. "आठ दिवसांत बरोबरचा मागवून बसवून देतो," बिंदुअण्णा म्हणाला. "स्टिकर तुमच्यासमोर बघू. काट्यावर आकडाही तुम्हीच बघा." ती "बरं" म्हणाली. मनावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं त्याला वाटलं. वाटलं, ओरडली नाही, दुसरीकडे जाते म्हणाली नाही, निभावलं.

पण ती गाडीत बसेना. दाराला हात लावून उभी राहिली.

"मागच्या महिन्यात ब्रेकचे पॅड तुम्हीच बदललेत ना, काका?"

"हौदु."

"मी सांगितले होते तेच घातलेत?"

"तेच, बाई. देवाशपथ तेच."

"उघडून दाखवा."

सव्वीस वर्षांत या शेडमध्ये बिंदुअण्णाला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याने जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं, पॅड बाहेर काढला आणि पुसून तिच्या हातात दिला. पॅड तिने सांगितलेलाच होता. ऋचाने तो उजेडात धरून त्यावरचा नंबर वाचला, आपल्या फोनमधल्या नंबराशी ताडून पाहिला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता उजवं चाक."