रोजचे चौदा किलोमीटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. एकदोनदा जिभेच्या टोकावर आलं होतं — पण गिळलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सांगून काही बदलणार आहे का? नाही. तरी सांगतो.

जळगाव आणि भुसावळच्या मधे, हायवेला लागून आमचा प्लास्टिकच्या वस्तूंचा मोठा कारखाना आहे. तीन पाळ्या चालतात. मी तिथं पर्सोनेल खात्यात — म्हणजे रजा, हजेरी, कँटीनच्या डाळीबद्दलच्या तक्रारी, आणि वरून येईल ती मोहीम. काही वर्षांपूर्वी वरून अशी मोहीम आली, की कामगारांनी मोटारसायकली सोडाव्यात. सायकलनं यावं, बसनं यावं, नाहीतर एका गाडीत चौघांनी मिळून यावं. हवा सुधारेल, तब्येती सुधारतील. मोहीम वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. वाईट होतो तो मी.

आमचे प्लांटचे मोठे साहेब म्हणाले, सुरुवात तुमच्यापासून होऊ द्या. मग मी सायकल घेतली. माझं घर जळगावात, घरापासून गेट चौदा किलोमीटर. पहिले चार दिवस मी खरोखर आलो — हो, खरोखर. पाचव्या दिवशी समोरून वारा, मागून ट्रक, आणि गुडघा असा धरला की उतरून ढकलत आलो. सहाव्या दिवशी मी कार काढली.

तसंच गेटातून आत गेलो असतो तर? लोक हसले असते. दोन दिवस टिंगल, तिसऱ्या दिवशी सगळे विसरले असते. पण नेमका त्याच शनिवारी साहेबांनी सत्कार ठेवला होता. आमच्याकडं कशालाही शाल आणि नारळ देतात — निवृत्तीला, बढतीला, पोरगं दहावी पास झालं तरी. सगळ्या पाळ्यांसमोर माझ्या खांद्यावर शाल पडली आणि साहेब माईकवर म्हणाले, "हे रोज चौदा किलोमीटर सायकल मारतात!" मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती हा विनय.

मग काय केलं असेल मी? गेटच्या अलीकडं दोन किलोमीटरवर माझ्या एका शाळासोबत्याचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. कापसाच्या हंगामातही आवाराचा मागचा कोपरा ओसाडच असतो. तिथं कार लावायची, शेडमधली सायकल काढायची आणि उरलेलं अंतर मारायचं. मित्राला वाटायचं, व्यायाम करतोय. बायकोला वाटायचं, योजनाच तशी आहे — शेवटचा टप्पा सायकलनं. कुणी खोदून विचारलं नाही, आणि मी कशाला सांगतोय?

एकदा मात्र सापडणार होतो. गेटवरचे पहारेकरी आबा, पारोळ्याकडचे, माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "साहेब, चौदा किलोमीटर, अनि घाम नही? बठ्ठं अंग कोरडं शे तुमनं!" त्यांना शंका नव्हती हो, कौतुकच होतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी जिनिंगच्या नळावर शर्टाची पाठ ओली करून निघायला लागलो. पन्नाशीला आलेला माणूस, नळाखाली पाठ धरून उभा — आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं.

इथवर थांबलं असतं तर ही गंमतच होती. पण मला रफीकभाईंबद्दल सांगायचंय. इतका वेळ मी त्यांच्याच भोवती फिरतोय.

रफीकभाई आमच्या साच्यांचे फिटर. भुसावळचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, मोजकं बोलणारे. साच्याचे दोन भाग बंद केल्यावर केसाएवढी फट राहिली, तर नुसतं बोट फिरवून सांगायचे. त्यांचं घर गेटपासून नऊ किलोमीटर. माझ्या सत्कारानंतर दोन आठवड्यांनी त्यांनी मोटारसायकल मुलाला दिली आणि जुनी सायकल दुरुस्त करून घेतली. मी विचारलं, "हे काय, रफीकभाई?" तर म्हणाले, "तुम्ही चौदा मारता साहेब, माझे तर नऊच आहेत." पुढच्या महिन्यात शाल त्यांना मिळाली. तो फोटो त्यांनी चौकट करून घरात लावला. माझ्याच हातून शाल घेतानाचा.

हिवाळा बरा गेला. मग ऊन चढलं. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगून कळायचं नाही. माझी जनरल शिफ्ट — सकाळी ऊन कोवळं, संध्याकाळी कलतं, आणि त्यातही बहुतेक रस्ता एसीवाली कार. रफीकभाईंची पहिली पाळी. ती सुटते दुपारी तीनला. भर एप्रिलात दुपारी तीनला भुसावळच्या रस्त्यावर नऊ किलोमीटर! हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. हजेरी माझ्याच टेबलावर असायची.

एप्रिलच्या शेवटी ते माझ्या केबिनमध्ये आले. बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, राग नका मानू. ऊन फार लागतंय. डोकं गरगरतं. पाऊस लागेपर्यंत गाडी आणली तर चालेल का? पण शाल घेतली ना सगळ्यांसमोर... लोक काय म्हणतील? आणि तुम्ही तर येताच की." मग विचारलं, "तुम्हाला नाही होत काही?"

त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला होता. दार बंद होतं. केबिनमध्ये आम्ही दोघंच. मला एकच वाक्य बोलायचं होतं — रफीकभाई, मी कारनं येतो. किंवा तेही नको, नुसतं 'गाडी आणा, काही बिघडत नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, यांनी सोडली तर बाकीचेही सोडतील, मग सगळ्यांची नजर माझ्यावर येईल, मग एखादा जिनिंगपर्यंत पोचेल. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. आणि मी हसून म्हणालो, "सवय होते हो. पाणी पीत चला. मी येतोच ना!"

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि गेले.

बाराव्या दिवशी रस्त्यात पडले. टायर पंक्चरच्या दुकानातल्या माणसांनी सावलीत ओढलं, अंगावर पाणी ओतलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवस शुद्ध नव्हती. उष्माघात. जीव वाचला. पण मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं — चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं, आणि हात थरथरतात. ते हात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडतो.

कारखान्याच्या फायलीत नोंद मीच केली. 'सदर कर्मचारी स्वेच्छेने सायकलने येत होते.' एक अक्षर खोटं नाही त्यात. उन्हाळ्यात सायकल नको असा कागदही मीच काढला, आणि त्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्याच आठवड्यात मी सायकल मुकाट्यानं शेडमध्ये टाकून कारनं गेटातून आत आलो. कुणीच काही बोललं नाही. आबांनी सलाम केला.

रफीकभाईंना काही महिने स्टोअरमध्ये बसून काम दिलं. पण लेबलसुद्धा चिकटवता येईना, तेव्हा त्यांनी आपणहून राजीनामा दिला. तो मंजूर करून घ्यायचं कामही माझ्याकडंच आलं.

त्यांच्या घरी मी तीनदा गेलोय. तिन्ही वेळा ठरवून गेलो, की आज सांगायचंच. पहिल्यांदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा ते झोपले होते. तिसऱ्यांदा, या दिवाळीनंतर, ते जागे होते, आम्ही समोरासमोर होतो, वेळ भरपूर होता. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच समजवा यांना. येईल त्याला तेच सांगतात. साहेब रोज चौदा मारायचे, मला नऊ नाही जमले. माझ्याच अंगात दम नव्हता, म्हणतात." रफीकभाई खाली बघत होते. माझ्यासमोर त्यांना लाज वाटत होती. माझ्यासमोर!

मी म्हणालो, "असं काही नसतं, रफीकभाई. ज्याची त्याची प्रकृती."

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. मी चहा संपवला, चहा छान झालाय म्हणालो, आणि निघालो. ते तोल सावरत, भिंतीला धरून, दारापर्यंत सोडायला आले.